हरिकेन सीझन आला: घर आणि घरच्यांच्या तयारीबद्दल तुमचे प्रश्न

अटलांटिकचा सीझन १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरला संपतो, पण खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. प्रश्न मात्र मला तेव्हाच येतात जेव्हा टीव्हीवर ते गोल फिरणारं चित्र दिसायला लागतं आणि दुकानातलं पाणी संपलेलं असतं, म्हणून यावेळी आधीच उत्तरं देतेय.

आम्ही फ्लोरिडात टॅम्पाला इव्हॅक्युएशन झोन बी मध्ये (वादळात घर सोडायला सांगतात अशा भागात) राहतो. वादळ कॅटेगरी १ चं असेल तर घरीच थांबलो तर चालेल ना? घर नवीन आहे.

कॅटेगरी बघून हा निर्णय घेऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. कॅटेगरी म्हणजे फक्त वाऱ्याचा वेग, ताशी ७४ मैलांपासून १ आणि १११ पासून ३, बस. समुद्र किती आत येणार, पाऊस किती पडणार, याचं त्या आकड्यात काहीच नाही. आणि माणसं वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त जातात. २०२४ चं हेलीन आठवा, ते टॅम्पाच्या किनाऱ्यापासून शंभरेक मैल लांबून वर गेलं, जमिनीवर आलं ते पार पेरीजवळ, तरी टॅम्पा बेमध्ये रेकॉर्ड मोडणारं पाणी चढलं. ज्यांनी "आपल्याकडे थोडीच येतंय" म्हटलं त्यांच्या घरात पाणी शिरलं. तेच हेलीन पुढे नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात गेलं आणि ॲशव्हिलसारख्या, समुद्रापासून कितीतरी लांब असलेल्या गावाची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलंय.

त्यामुळे तुमच्या झोनला निघायला सांगितलं की निघायचं. नवीन घर वाऱ्याला चांगलं टिकेल, १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडाचे बांधकामाचे नियम खरंच खूप कडक झालेत, पण दारातून आत येणाऱ्या पाण्याला बिल्डिंग कोड काय करणार. अजून एक गोंधळ मी सतत बघते: फ्लड झोन आणि इव्हॅक्युएशन झोन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला इन्शुरन्ससाठी, दुसरा जीव वाचवायला. तुमच्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) साइटवर आपला पत्ता टाकून दुसरा बघा आणि फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आणि निघायचं म्हणजे दुसऱ्या राज्यात जायला पाहिजे असं नाही. पाणी येणार नाही अशा उंच भागात, पंधरा-वीस मैलांवर मित्राचं पक्कं घर असेल तर तेही चालतं. मात्र "आम्ही येऊ का" हे त्या मित्राला आजच विचारा, शेवटच्या दिवशी नको.

टीव्हीवरच्या नकाशात वादळाच्या वाटेचा जो कोन दाखवतात, त्याच्या बाहेर असलो की सुटलो असं समजायचं का?

नाही. कोन म्हणजे वादळाचा मधला बिंदू बहुतेक कुठून जाईल त्याचा अंदाज. तीनातल्या साधारण दोन वेळा तो बिंदू कोनच्या आत राहतो, म्हणजे तिसऱ्या वेळी बाहेर जातो, आणि वारा-पाऊस-समुद्राचं पाणी तर त्या बिंदूपासून खूप लांबपर्यंत पसरतं. २०२२ मध्ये इयन वादळाच्या वेळी सगळ्यांचं लक्ष टॅम्पाकडे आणि ते आलं फोर्ट मायर्सच्या बाजूला. बऱ्याच लोकांकडे तेव्हा ठरवायला एक दिवससुद्धा उरला नव्हता. हवामान खात्याचं वॉच (वादळ येऊ शकतं असा इशारा) आलं म्हणजे जोराचा वारा सुरू व्हायला साधारण ४८ तास, वॉर्निंग (वादळ येईल असा इशारा) म्हणजे ३६. वाऱ्यात शिडीवर चढता येत नाही, म्हणून बाहेरची सगळी कामं, अंगणातल्या खुर्च्या कुंड्या आत घेणं, शटर लावणं, वॉच आल्याआल्या सुरू करायची.

खिडक्यांना टेप लावली तर काच फुटत नाही हे खरं आहे का?

फुटते. उलट मोठे मोठे तुकडे उडतात. शटर नसतील तर ५/८ इंची प्लायवूड लागतं, आणि ते आत्ताच मापाने कापून, भोकं पाडून, प्रत्येकावर "किचन", "मागची खोली" असं मार्करने लिहून ठेवा.

पण खिडक्यांच्या नादात गॅरेजचं दार विसरतात सगळे! एका वादळात मी समोरच्या घराचं दार बघत होते, जुनं दोन गाड्यांचं पत्र्याचं दार, वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर मधून आत दबायचं आणि परत बाहेर यायचं, जणू घर श्वास घेतंय, आणि मग एक बाजू रुळातून सुटली. एकदा ते गेलं की वारा आत शिरून छपराला खालून वर ढकलतो. तुमचं दार किती वाऱ्यासाठी आहे ते त्याच्या आतल्या बाजूच्या स्टिकरवर बघा, जुनं असेल तर ब्रेस किट, म्हणजे दाराला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या, बसवून घ्या.

आईबाबा भारतातून सहा महिन्यांसाठी आलेत, बाबा इन्सुलिन घेतात. त्यांच्यासाठी वेगळं काय करू?

सगळ्यात आधी त्यांच्याशी नीट बोला. त्यांना हे सगळं नवीन आहे, फोनवर एकदम कर्कश अलर्ट वाजला की माणूस घाबरतो, तो कसा वाजतो, कुठे जायचं, त्यांची बॅग कुठे ठेवलीय, हे एकदा बसून सांगा. त्यांच्या खिशात तुमचं नाव, पत्ता आणि दोन फोन नंबर कागदावर लिहिलेले हवेत, फोन डेड झाला तर काहीच पाठ नसतं कुणाला.

औषधं किमान दोन आठवड्यांची. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजबाहेर ८६ डिग्री फॅरेनहाइटच्या आत साधारण २८ दिवस चालतं, पण लाइट गेल्यावर इथलं घर त्याच्या वर तापतं, म्हणून कूलर आणि बर्फ ठेवा, मात्र बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं. नक्की त्यांच्या ब्रँडचं काय ते फार्मासिस्टला विचारून घ्या. पासपोर्ट, व्हिसा, ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद पाणी न जाणाऱ्या पिशवीत, फोटो तुमच्या फोनमध्ये. पाणी माणशी रोज एक गॅलन धरा, मी आठवडाभराचं भरते. ऑक्सिजन मशीनसारखं काही लागणारं कुणी घरात असेल तर काउंटीच्या स्पेशल नीड्स शेल्टरसाठी नाव आधीच नोंदवावं लागतं.

आईंसाठी एक सोपी गोष्ट, त्यांना आवडेल. कपभर पाणी फ्रीझरमध्ये गोठवायचं आणि बर्फावर एक नाणं ठेवायचं. घर सोडून गेलात आणि परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं, तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलंय, फेकून द्या. दार बंद ठेवलं तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास टिकतो, फ्रिज फक्त ४.

होम इन्शुरन्स आहे, वेगळा फ्लड घ्यायलाच हवा का?

हो. साध्या होम पॉलिसीत पुराचं पाणी धरत नाहीत. सरकारी फ्लड पॉलिसी नवीन घेतली तर बहुतेक वेळा ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ दिसल्यावर घेऊन उपयोग नाही. हरिकेनचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आधी तुम्ही भरायचा वाटा, टक्क्यांत असतं हेही बघा, ४ लाख डॉलरच्या कव्हरेजवर २ टक्के म्हणजे ८ हजार तुमच्या खिशातून. आणि फोन घेऊन सगळ्या खोल्यांचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

पोर्टेबल जनरेटर घेतलाय. पाऊस असेल तर गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून चालवला तर चालेल का?

नाही, अजिबात नाही. हा प्रश्न आला की मला धडकी भरते. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस उठतच नाही. २०२० मध्ये लॉरा वादळाच्या वेळी लुइझियानात घराघरांतून लोक वादळातून वाचले आणि नंतर जनरेटरच्या धुराने गेले. गॅरेज नको, झाकलेला पोर्च नको, खिडकीखाली नको. घरापासून २० फूट लांब, एक्झॉस्ट घराच्या उलट दिशेला. पाऊस पडतोय तोवर थांबा, किंवा जनरेटरसाठीच बनवलेलं कव्हर घ्या. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये उलटी घालून घरात लाइट आणायचा उद्योग करू नका, तो करंट बाहेरच्या तारांमध्ये जातो आणि त्या दुरुस्त करणारा माणूस मरू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (जनरेटर चालू असताना घर बाहेरच्या तारांपासून तोडणारं बटण) बसवून घ्या. आणि झोपायच्या खोल्यांबाहेर बॅटरीवर चालणारा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म लावा, आज लावा, त्याचं टेस्टचं बटण दाबून आईबाबांना आणि मुलांना तो आवाज ऐकवा, आणि हा वाजला की काही न शोधता सरळ बाहेर यायचं हे त्यांच्याकडून एकदा करून घ्या.