बेळगावच्या कॉलेजात सरकारी खुल्या डेटावर हॅकेथॉन (ठरावीक वेळात सॉफ्टवेअर बनवायची स्पर्धा) घ्यायचं आहे. विषय कोणते द्यावेत आणि डेटा कुठून मिळेल?

प्रश्नाच्या खाली तुम्ही आणखी एक ओळ टाकली आहे: "इथला सगळा डेटा कन्नडमध्ये, मग मराठी मुलांनी काय करायचं?" आधी त्याचंच उत्तर देतो. टीममध्ये कन्नड वाचणारा एक गडी घ्यायचा आणि विषय तिथंच मिटवायचा. आमच्या टीममध्ये रायबागकडचा एक पोरगा होता, हातानं लिहिलेली रजिस्टरं घडाघडा वाचायचा. सीमाप्रश्नावर माझी जी मतं आहेत ती आहेत, ती कुठं दाखवायची तेही मला कळतं. पण नदीची पातळी कन्नड आकड्यात लिहिली म्हणून पाणी कमी चढत नाही.

विषय कोणता द्यावा यावर मात्र मला जरा जास्तच बोलायचंय, कारण हे भांडण आमच्या घरात अजून चालू आहे.

मी चिक्कोडी तालुक्यातला, दूधगंगेकाठचा. नोकरी निपाणीत, एका सौहार्द सहकारी संस्थेचं सॉफ्टवेअर बघतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये काय झालं हे इथल्या कुणाला सांगायला नको. आमचं निम्मं गाव गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत होतं. पूर ओसरल्यावर सगळ्यांनाच एकदम 'आपत्ती व्यवस्थापना'चं सुचलं आणि बेळगावात एका कॉलेजनं त्यावर शनिवार-रविवारचं हॅकेथॉन ठेवलं. कॉलेजचं नाव घेत नाही. माझा आतेभाऊ बेंगळुरात कंपनीत आहे, तो सुट्टी काढून आला. त्याच्याच नावावर टीम.

त्याचं म्हणणं, ॲप करू. नकाशावर नदी निळी होत जाईल, धरणाच्या विसर्गावरून मॉडेल उद्याचं पाणी सांगेल, लोकांच्या मोबाईलवर लाल घंटा वाजेल. माझं म्हणणं, गावात जून ते सप्टेंबर एकच प्रश्न असतो: उद्या सकाळी मलिकवाड-दत्तवाड बंधारा चालू आहे का? बंधाऱ्यावरूनच रस्ता जातो. त्याचं एक टोक कर्नाटकात, चिक्कोडी तालुक्यात. दुसरं टोक महाराष्ट्रात, शिरोळ तालुक्यात. पाणी वरून गेलं की शाळेची पोरं, ऊस तोडणीचा हिशेब, सोयरीक, दवाखाना, सगळं लांबच्या वाटेनं. आणि ही एकट्या आमची गोष्ट नाही. कल्लोळ-येडूर, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिदनाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी, ही नावं पावसाळ्यात पेपरात दरवर्षी त्याच क्रमानं छापून येतात. पाण्याखाली गेल्यावर. जाण्याच्या आदल्या दिवशी एकदाही नाही.

आता मला जो डेटा सापडला तो कुठल्याही पोर्टलवर नाही, म्हणून त्याबद्दल नीट सांगतो. आमच्या दूध संस्थेचं संकलन रजिस्टर. लांबडी वही, लाल रेघा, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, सकाळ वेगळी, संध्याकाळ वेगळी. शेवटच्या रकान्यात शेरा. बहुतेक पानांवर तो कोराच असतो. पण जुलै-ऑगस्टची पानं उघडली की सेक्रेटरींच्या अक्षरात: "बंधारा पाण्याखाली. गाडी आली नाही. दूध परत." दोन दिवसांनी: "गाडी सुरू, उशिरा." एका ठिकाणी नुसतंच: "पाणी गुडघाभर, ड्रायव्हर नको म्हणाला." वर्षानुवर्षांची अशी पानं, एकाही दिवसाचा खंड नाही, कारण खंड पडला तर सभासदाचं बिल चुकतं. सरकारी डेटात जी शिस्त आपण शोधत फिरतो ती इथं बिलापायी आपोआप आली होती.

दुसरी बाजू सरकारी. सदलग्यात दूधगंगेवर केंद्रीय जल आयोगाचं मापन केंद्र आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू या खोऱ्यांचे आकडे सरकार गोपनीय मानतं. कृष्णा खोरं त्यात नाही, त्यामुळे जुन्या पातळ्या इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्राच्या जलमाहितीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. मग काम सोपं. ज्या सकाळी शेरा 'बंद' त्या सकाळची पातळी एका बाजूला, ज्या सकाळी गाडी गेली त्या सकाळची दुसऱ्या बाजूला. गाडी गेलेल्या दिवसांतली सगळ्यात वरची पातळी आणि बंद दिवसांतली सगळ्यात खालची, या दोन आकड्यांच्या मधला जो पट्टा उरतो तो म्हणजे 'आता बघून जा'. एवढंच. एक्सेलमध्ये होतं. रायबागच्या पोरानं पलीकडच्या गावांतून अशाच दोन वह्या आणल्या, त्या कन्नडमध्ये होत्या, शेरे मात्र अगदी आमच्यासारखेच.

सादरीकरणात आतेभावाचं ॲप पुढं आणि माझा तक्ता शेवटच्या स्लाइडवर. एका परीक्षकानं तक्त्याकडं बोट करून विचारलं, यात मशीन लर्निंग कुठं आहे? मी म्हटलं, नाही सर. मग नवीन काय? मी म्हटलं, दूध संस्थेची वही. हसले सगळे. आतेभाऊसुद्धा हसला, ते मी विसरलेलो नाही. पहिलं बक्षीस ज्यांना मिळालं त्यांच्या नकाशात नदी फारच सुंदर चढत होती, आकडे डमी होते आणि ते त्यांनी स्टेजवर सांगितलंही, "डेटा मिळाला की जोडू." कुणी कधी जोडला नाही. आमचं ॲप उन्हाळ्यापर्यंत टिकलं, मग सर्व्हरचं बिल कुणी भरायचं यावर गाडी अडली. तक्त्याला बिल नव्हतं. पुढच्या जूनमध्ये सेक्रेटरींनीच विचारलं, "त्या तुझ्या आकड्याचं काय झालं रं?" तेव्हापासून पावसाळ्यात रोज संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर एक मेसेज जातो: सदलग्याची पातळी, कालपेक्षा वर का खाली, बंधारा कोणत्या पट्ट्यात. गाडीवाला तो बघून निघायची वेळ ठरवतो.

म्हणून विषय देताना 'पूर' असा देऊ नका, 'आरोग्य' असा देऊ नका. 'अमुक बंधारा', 'अमुक उपकेंद्र', 'अमुक एसटी फेरी' असा द्या. आणि प्रत्येक टीमनं पोर्टलवरचा एक आणि पोर्टलवर नसलेला एक, असे दोन डेटा आणायचेच अशी अट घाला. दूध संस्था, सोसायटी, शाळेचं हजेरीपत्रक, पिठाच्या गिरणीचं लाईट बिल (भारनियमनाचा थोडाफार अंदाज त्यावरून येतो), काहीही.

डेटा कुठून, हे थोडक्यात. केंद्राचं खुल्या डेटाचं धोरण 2012 चं, डेटा डॉट जीओव्ही डॉट इन त्यातूनच आलं. तिथं बेळगाव जिल्ह्याचं मिळतं पण बहुतेक जिल्हा पातळीवरचं, गावापर्यंत क्वचित उतरतं. गावासाठी जनगणना. पण 2011 च्या तक्त्यात निपाणी, कागवाड, मुडलगी तालुके शोधत बसू नका, ते नंतर झाले. निपाणीची गावं चिक्कोडीत आहेत. सौंदत्ती 'परसगड' नावानं आहे आणि बैलहोंगल 'संपगाव' नावानं. आमच्या टीमची एक रात्र यातच गेली. मातृभाषेचा तक्ता 2018 मध्ये बाहेर आला, सीमाभागातल्या पोरांना पहिल्यांदा तोच उघडावासा वाटतो, उघडू द्या, मग कामाला लावा.

पावसाचे आकडे कर्नाटकात राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राचे, ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापकं आहेत, चांगलं काम आहे. पण आमच्या पुराचा पाऊस आमच्याकडं पडतच नाही, तो राधानगरी-भुदरगडात पडतो. काळम्मावाडी धरण तिकडं, पाटगाव तिकडं. त्यासाठी महाराष्ट्राचं महावेध (स्वयंचलित हवामान केंद्रांचं जाळं) बघावं लागतं आणि कोल्हापूरच्या आपत्ती कक्षाचा रोजचा तक्ता, ज्यात राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे बंधारे कधी बुडाले ते असतं. दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवणारं एकही पान मला कुठं दिसलेलं नाही. मापंही जुळत नाहीत. राजाराम बंधारा फुटांत, 39 ला इशारा, 43 ला धोका. सदलगा समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट. धरण टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. आणि गावातली म्हातारी विचारते, "मारुतीच्या कितव्या पायरीला लागलंय?" तुमच्या हॅकेथॉनला विषय हवाय ना, हा घ्या: काठच्या प्रत्येक गावातल्या त्या देवळाची प्रत्येक पायरी सदलग्याच्या किती मीटरला बुडते याचा तक्ता. सर्व्हेची पोरं लेव्हलिंग मशीन घेऊन गेली तर एका उन्हाळ्यात होईल. ॲप लागत नाही.

माहिती अधिकारही वापरा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, फी 10 रुपये. कायद्यात अर्जाची भाषा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा अशी आहे, म्हणजे आपल्याकडं मराठीचा आग्रह धरला तर अर्ज परत येण्याचीच शक्यता. तो लढा वेगळा, तो वेगळ्या दिवशी लढा. मी एका कार्यालयाकडं पातळीची नोंदवही मागितली. मुदत उलटून, आठवण देऊन, फोन करून झाल्यावर स्कॅन केलेली तिरकी पानं आली, कडेचा रकाना कापलेला. नेमका तारखेचा. म्हणून अर्जात 'तारखेसह, पूर्ण पान' असं लिहाच. जुन्या कन्नड पीडीएफ नुडी नावाच्या जुन्या कन्नड फॉन्टमधल्या असतात, कॉपी केलं की स्क्रीनवर भलतीच चिन्हं उमटतात. युनिकोडमध्ये (सगळीकडं वाचता येणाऱ्या अक्षरांत) बदलणारी साधनं आहेत, ती आधीच मुलांच्या हातात द्या, नाहीतर शनिवार त्यातच जाईल.

आता जरा पाणी घालतो, नाहीतर हॅकेथॉन म्हणजे सगळा पोरखेळ असं मी म्हणतोय असं वाटेल. तसं नाही. केरळात 2018 च्या पुरात स्वयंसेवकांनी उभं केलेल्या संकेतस्थळानं बचावाच्या हाका एका जागी आणल्या. कोविडचे आकडे रोज गोळा करणाऱ्या कोविड19इंडियाच्या पोरांनी ऑक्टोबर 2021 अखेर थांबताना आधी सांगून थांबवलं, जुना डेटा खुला ठेवला. असं थांबणंसुद्धा शिकवायला पाहिजे. पण ही दोन्ही कामं गरज दारात उभी असताना झाली आणि लोक रोज तिथं बसले. सोमवारी सकाळी टी-शर्ट घेऊन घरी गेले नाहीत.

माझ्या तक्त्याबद्दलही सांगायला हवं. तो पातळी सांगतो, चढण्याचा वेग सांगत नाही. 2021 च्या जुलैसारखं एका रात्रीत पाणी आलं तर संध्याकाळचा मेसेज शिळा असतो. खाली कृष्णा भरलेली असेल तर दूधगंगेचं पाणी निघत नाही, फुगवटा येतो, तेव्हा वरून विसर्ग कमी असूनही बंधारा बुडालेलाच राहतो. आणि तो सरकारी इशारा नाही. घर सोडायचं का हे तहसीलदारांच्या सूचनेवर ठरवा, माझ्या एक्सेलवर नाही. खाली कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या उंचीचा वाद मी इथं काढत नाही, कमेंटमध्ये कुणी काढला तरी उत्तर देणार नाही.

बक्षिसाचं एक सुचवतो आणि थांबतो. निम्मी रक्कम रविवारी द्या. उरलेली निम्मी पुढच्या गणपतीनंतर, ज्या टीमची गोष्ट तोवर चालू असेल आणि शेवटची नोंद त्या आठवड्यातली असेल तिलाच. प्रायोजक कुरकुर करतील, कारण फोटो दोनदा काढावा लागेल. करू द्या. आतेभावाला हे पटत नाही, त्याचं म्हणणं माझा तक्ता स्केल होत नाही, एका बंधाऱ्यापुरता आहे. बरोबर आहे, एका बंधाऱ्यापुरताच आहे. दुसऱ्या बंधाऱ्याचा त्या गावच्या पोरानं करावा, वही त्यांच्याच संस्थेत आहे. त्याला या उत्तरात टॅग करतोय. त्यानं खाली काही लिहायच्या आधी स्वतःचं ॲप एकदा उघडून बघावं, उघडतंय का.