कात्री आधी खाली ठेव

चि.स अनेक आशीर्वाद.

रद्दीच्या दुकानात मिळालेल्या पोस्टकार्डावरची लेखकाची सही तेवढी कापून फ्रेम करायची, असं तू लिहिलंस. कृपा करून कापू नकोस. सही म्हणजे जेमतेम चार-पाच अक्षरं. ती खरी आहे हे सांगणारे साक्षीदार म्हणजे वरचा मजकूर, तारीख, पत्ता आणि पोस्टाचा शिक्का. ते केराच्या टोपलीत गेले की लोकांनी तुझ्या शब्दावरच विश्वास ठेवायचा. अख्खं कार्ड लाव. दोन्ही बाजू दिसायला हव्या असतील तर मागेही काच बसवून मिळते.

खरं-खोटं ओळखायला आधी सनावळी बघावी. राम गणेश गडकरी १९१९ साली गेले आणि बॉलपेन बाजारात आलं दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. बॉलपेनातली ‘गोविंदाग्रज’ (गडकऱ्यांचं कवितेसाठीचं टोपणनाव) अशी सही कुणी दाखवली तर चहा घ्यावा आणि उठावं. मग भिंग. दौतीतली शाई कागदाच्या तंतूंत थोडी पसरलेली दिसते. छापलेल्या सहीत बऱ्याचदा बारीक ठिपके दिसतात. पुस्तकांत लेखकाची सही छापायची पद्धत होतीच, त्यामुळे इथे भलेभले फसतात. अक्षर ताडून बघताना नावही तेच हवं. शिरवाडकरांच्या कवितासंग्रहांवर ‘कुसुमाग्रज’ असतं आणि नाटकांवर ‘वि. वा. शिरवाडकर’, एका नावाच्या सहीवरून दुसरीचा निवाडा करू नये.

आता फ्रेम. फ्रेमवाल्याला आम्लरहित माउंट, म्हणजे कार्डाभोवतीचा जाड पुठ्ठा, लावायला सांग आणि काच कागदाला टेकू देऊ नकोस. पावसाळ्यात काचेच्या आतून ओल धरते, बुरशी येते, शाई काचेला चिकटते. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यांना हातही लावू देऊ नकोस. कोपऱ्यांना कागदी खाचा करून कार्ड त्यात अडकवलं की पुरे. ऊन आणि ओल धरणारी भिंत दोन्ही टाळ. माझं विचारशील तर भिंतीवर उत्तम रंगीत प्रत लावावी आणि मूळ कार्ड कपाटात, अंधारात ठेवावं. पाहुण्यांना फरक कळत नाही.

हयात लेखकांची सही त्यांच्याच पुस्तकावर घे, तारीख घालायला सांग, जमलं तर एखादी ओळही माग. संमेलनात भेटतील. फक्त जेवणाच्या रांगेत हातात ताट असताना गाठू नकोस.