पीसीएल (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, एक पॉलिमर) आणि हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट (हाडातल्या खनिजासारखं सिरॅमिक) यांचा स्कॅफोल्ड, म्हणजे पेशी वाढायला सच्छिद्र सांगाडा, करायचा आहे. पीसीएल विरघळवायला सॉल्व्हंट कुठलं: डीसीएम (डायक्लोरोमिथेन) घेऊ, क्लोरोफॉर्म की अ‍ॅसिटोन?

रिसर्च पेपरात डीसीएम लिहिलंय म्हणून तेच घेणार असाल, तर भाऊ, आधी खोलीत थर्मामीटर टांगा. डीसीएम ४० अंशाला उकळतं.

आमचं कॉलेज यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी हेच घेतलं होतं, मीठ घालून सच्छिद्र करायची पद्धत (सुकल्यावर मीठ पाण्यात धुऊन काढायचं, त्याच्या जागी भोकं राहतात). मे महिना, बाहेर ४५. बाटलीचं बूच फिरवलं की फुस्स. लॅबवाले काका म्हणाले, "काहून बावा, सोडा आणला का?" साच्यात ओतलं की वर साय धरायची आणि खालचं डीसीएम ती साय फोडून बुडबुड्यांनी बाहेर यायचं. भोकं भरपूर पडली, पण मिठाची नाही.

सर म्हणाले, तुझ्या हाताला वळण नाही. मी कूलर लावला, तर आणखीच वाटोळं. डीसीएम उडताना पृष्ठभाग इतका गार पडतो की कूलरच्या ओल्या हवेचं त्यावर दव धरतं. तुकडा दुधाळ, वर देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे. आता सरांचं निदान असं, की मी स्वस्तातलं, पाणी घातलेलं डीसीएम आणलं. अहो, डीसीएममध्ये पाणी धड मिसळत नाही, वेगळा थर होऊन दिसतं! हे तेव्हा बोललो नाही. व्हायवा बाकी होता.

शेवटी क्लोरोफॉर्मवर आलो. ते ६१ ला उकळतं, आमच्या उन्हाळ्यात तेवढाच दम निघतो. पण सावकाश सुकण्याचीही किंमत आहे. पहिला तुकडा झाकून रात्रभर ठेवला. सकाळी वरून चकचकीत, खालून खडू. हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटची घनता तीनाच्या वर, ते तळाला बसणारच. मग वरच्या बाजूच्या पेशींना नुसतं पॉलिमर भेटतं, सिरॅमिक घालून उपयोग काय? म्हणून पूड आधी नुसत्या सॉल्व्हंटमध्ये सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) फोडा, पीसीएल नंतर घाला, द्रावण दाट ठेवा आणि झाकण अर्धवट.

अ‍ॅसिटोनमध्ये पीसीएल कंटाळा येईपर्यंत विरघळत नाही, कोमट करावं लागतं. (मे महिन्यात आम्हाला हॉटप्लेटची गरज नव्हती.) पण तुकड्यात उरलं तर सगळ्यांत कमी त्रास त्याचाच. औषधांसाठी आयसीएचने (औषधांचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) उरलेल्या सॉल्व्हंटवर घातलेली मर्यादा बघा: क्लोरोफॉर्म ६० पीपीएम (दहा लाखांत ६० भाग), डीसीएम ६००, अ‍ॅसिटोन ५०००. क्लोरोफॉर्म वापरलं तर व्हॅक्यूममध्ये दोन-तीन दिवस तरी ठेवा, आणि लाइन गेलेले तास त्यात धरू नका. घाई म्हणून ६० च्या ओव्हनमध्ये टाकाल तर पीसीएलच वितळेल. पेशी मेल्या की लोक सिरॅमिकला नावं ठेवतात. आधी उरलेलं सॉल्व्हंट तपासा.

हे सगळं साच्यात ओतण्यापुरतं. इलेक्ट्रोस्पिनिंगचं (विजेच्या दाबाने द्रावणाचे बारीक धागे ओढायचं) गणित वेगळं, तिथे द्रावणाची विद्युतवाहकताही बघावी लागते, ते मी केलेलं नाही. आणि क्लोरोफॉर्म, डीसीएम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणारं कपाट) उघडा. आम्ही खिडकीवर भागवलं, ते चूक होतं.

रोजचं तापमान आणि कूलर चालू की बंद, हे वहीत लिहा. मी लिहिलं होतं. सरांनी ते पान उलटूनही पाहिलं नाही.