सेटिंग पुसण्याआधी नक्कल घ्या

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच गोंधळ आहे. प्रोग्रॅम आणि त्याच्या सेटिंग्ज एकाच जागी असतात, असं वाचकांनी धरलंय. तसं नसतं.

लिब्रेऑफिस (लेखन-हिशेबाचा मोफत प्रोग्रॅम) उघडताच बंद पडतं. तीनदा काढून पुन्हा घातलं, तरी तेच. फॉरमॅट मारू का? (खानापूर)

फॉरमॅट नको. प्रोग्रॅम काढला तरी तुमच्या आवडीनिवडी जात नाहीत. विंडोजवर त्या युजर फोल्डरातल्या अ‍ॅपडेटा, रोमिंग, लिब्रेऑफिस, ४ या वाटेनं गेल्यावर 'युजर' नावाच्या फोल्डरात असतात. आवृत्ती २४ असली तरी फोल्डर ४ च. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करा. नव्यानं घातलेला प्रोग्रॅम तिथलीच बिघडलेली फाइल वाचतो.

आधी स्टार्ट मेनूतून लिब्रेऑफिस त्याच्याच सेफ मोडमध्ये, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून, उघडा. ही सोय २०१७ पासून आहे. तिथं नीट चालला, तर दोष या फोल्डरात. मग प्रोग्रॅम बंद करून 'युजर'चं नाव 'युजर-जुना' करा. प्रोग्रॅम नवा फोल्डर स्वतः बनवेल.

नाव बदला म्हणतोय, डिलीट करा म्हणत नाही. 'पुसून टाका, सगळं ठीक होतं' हा ऐकीव सल्ला सगळीकडे फिरतोय आणि त्यात लोकांची वर्षांची मेहनत जाते. त्या फोल्डरात तुमचा शब्दकोश, ऑटोटेक्स्ट (साठवलेले मजकुराचे तुकडे), टेम्प्लेट, मॅक्रो (नोंदवून ठेवलेल्या आज्ञा) असतात. माझ्या मशीनवर एका दुरुस्तीवाल्यानं न विचारता तो फोल्डर उडवला. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव अशी शेकडो गावं-आडनावं मी एकेक करून शब्दकोशात घातली होती, ती सगळी गेली. म्हणून आधी पेनड्राइव्हवर नक्कल, मगच हात लावा. सेफ मोडमध्येही बंद पडत असेल, तर जाणकाराला मशीन दाखवा.

रजिस्ट्री क्लीनर घेतल्यानं सेटिंग्ज सुधारतील का? दुकानदार वर्षाचं पॅकेज देतोय. (निपाणी)

नाही. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंग्जची नोंदवही; ती झाडून सेटिंग्ज सुधारत नाहीत. पैसे देऊ नका.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी भाषा निवडतो, पण नव्या फाइलीत पुन्हा हिंदी येते. (शहापूर, बेळगाव)

भाषेच्या पर्यायांत 'फक्त चालू दस्तऐवजासाठी' या अर्थाची चौकट असते. तिथली खूण काढून मराठी पुन्हा निवडा. खूण असेल तर निवड त्या फाइलीतच राहते, प्रोग्रॅमला कळत नाही.

जुन्या बिलिंग प्रोग्रॅमची आयएनआय (सेटिंग्जची) फाइल बदलली, तरी फरक नाही. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून चालवला की मात्र बदल दिसतो. (उद्यमबाग)

फाइली दोन आहेत. व्हिस्टा आवृत्तीपासून विंडोज जुन्या ३२-बिट प्रोग्रॅमला 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरात लिहू देत नाही. ते लिखाण गुपचूप अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथं वळवतं. साधा प्रोग्रॅम तिथली प्रत वाचतो, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरवाला मूळ फाइल. कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवू नका. हिशेबाचा मामला आहे, कुठली प्रत खरी ते प्रोग्रॅम देणाऱ्याकडून ठरवून घ्या.

चार दिवस सगळेच प्रोग्रॅम नवे असल्यासारखे उघडतात. डेस्कटॉपवरच्या फाइलीही दिसत नाहीत. (चिक्कोडी)

चार दिवस थांबायला नको होतं. बहुधा विंडोजनं तुमच्या नेहमीच्या युजर फोल्डराऐवजी तात्पुरता कोरा फोल्डर, म्हणजे तात्पुरतं प्रोफाइल, उघडलंय. त्यात ठेवलेलं साइन आउट करताच जातं. आत्ता जे काम उघडं आहे ते आधी पेनड्राइव्हवर घ्या. जुन्या फाइली बहुतेक तुमच्या मूळ फोल्डरात शाबूत असतील. रजिस्ट्रीत स्वतः काही बदलू नका, आजच मशीन तंत्रज्ञाकडे न्या आणि 'फॉरमॅट करायचं नाही' हे आधी सांगा.