मिस्टर बरे झालेत की हायपोमेनिया सुरू झालाय, कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना बायपोलर (मूड कधी खूप खाली, कधी खूप वर जाण्याचा आजार) आहे, दोन महिने उदास होते आणि आता एकदम उत्साहात आहेत. घरचे खूश आहेत, तुम्हाला मात्र धाकधूक वाटते की हा हायपोमेनिया, म्हणजे आजारामुळे मूड वर चढल्याची सौम्य अवस्था, तर नाही.

मी स्वतः बायपोलर टाइप 2 चा (ज्यात डिप्रेशन आणि हायपोमेनिया येतात) पेशंट, नागपूरचाच. हायपोमेनियाच्या दिवसांत मला विचाराल तर मी शपथेवर सांगेन की इतका बरा मी कधीच नव्हतो. म्हणून त्यांना विचारू नका, त्यांची झोप बघा. झोप न लागणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं, कमी झोपूनही थकवा नसणं वेगळं. काळजीने रात्रभर तळमळलेला माणूस सकाळी गळून जातो. मी मात्र तीन तास झोपून पहाटे फुटाळा तलावावर फिरून यायचो, येताना सगळ्यांसाठी तर्री पोहे आणायचो आणि दिवसभर टवटवीत. आई म्हणाली, पोरगा सुधारला. मग बायकोचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर सुरू व्हायला लागलं. आठवडाभरात बर्डीच्या बाजारातून तीन मिक्सर आणले, का तर संत्र्याच्या ज्यूसचा धंदा टाकायचा होता. तोही मे महिन्यात, जेव्हा मृग बहाराचा, म्हणजे हंगामातला शेवटचा संत्रासुद्धा संपलेला असतो! बायकोने टोकलं तर तिच्यावरच खेकसलो. हो, नुसता आनंदच नसतो, चिडचिडही असते.

तुलना त्यांच्याच मूळ स्वभावाशी करा. माझा साळा जन्माचा बडबड्या आहे, तो आजार नव्हे. असा बदल सलग 4 दिवस, दिवसाचा बराचसा वेळ टिकला तर डॉक्टर हायपोमेनिया धरतात. आवाज ऐकू येणं, भलतेच भ्रम होणं किंवा भरती करावं लागणं म्हणजे तो मेनिया, त्याहून तीव्र अवस्था, तिथे वाट बघत थांबायचंच नाही.

डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, कारण आम्ही जातो ते फक्त उदास असताना. नुसती डिप्रेशनची गोळी मिळाली तर तीही कधी कधी मूड वर, हायपोमेनियाकडे ढकलते. रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे.

आमच्याकडे बायको कॅलेंडरवर माझ्या झोपेचे तास लिहिते. मी बरा असतानाच ठरवून ठेवलंय: सलग दोन रात्री पाच तासांच्या खाली गेलो की एटीएम कार्ड तिच्याकडे आणि डॉक्टरांना फोन. मागच्या वेळी तिने फोन केला तेव्हा मी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या रात्री नऊ तास झोपलो.