डीएनए चाचणीत भाऊ ‘सावत्र’ निघाला, बाबांच्या घरातला माझा हिस्सा गेला का?

प्रश्न: मुलाने वाढदिवसाला घरच्या घरी करायची डीएनए चाचणी भेट दिली. गंमत म्हणून मी आणि धाकट्या भावाने लाळेचे नमुने पाठवले. अहवालात आमची जुळणी २४ टक्के आली, नात्यापुढे ‘सावत्र भावंडं’ असं लिहिलेलं. बाबा दोन वर्षांपूर्वी वारले. मृत्युपत्र नाही, राहतं घर त्यांनी स्वकमाईतून घेतलेलं. आता भाऊ म्हणतो, “तू बाबांची नाहीस. हक्कसोडपत्रावर सही कर, नाहीतर आईचीही चाचणी करायला लावीन.” आई ७६ वर्षांची आहे, तिला यातलं काहीच माहीत नाही. काय करू?

उत्तर: ताई, कशावरही सही करू नका. एकदा हक्कसोडपत्र नोंदणी झालं की ते रद्द करून घ्यायला दावा लावावा लागतो, आणि फसवणूक किंवा दबाव सिद्ध करत बसावं लागतं.

आता तो अहवाल. सख्ख्या भावंडांत जुळणी साधारण ५० टक्के असते, एकच पालक सामाईक असेल तर २५ च्या आसपास. म्हणजे तुमचा २४ चा आकडा फार तर एवढंच म्हणतो की तुम्हा दोघांचा एक पालक वेगळा असावा. कोणता, ते तो सांगत नाही. आणि समजा वडीलच वेगळे, तरी बाबांचं मूल तुम्ही की तुमचा भाऊ, हेही त्यात कुठे आहे? भावाने स्वतःला खरा धरून तुम्हाला बाहेर काढलं, एवढंच. (हा मुद्दा भांडणात त्याच्या तोंडावर मारू नका. पोळणार आईला.)

शिवाय नमुना कोणी दिला, कोणासमोर घेतला, वाटेत कोणाच्या हातात होता, याची नोंद नसलेला कागद न्यायालयात फारसा टिकत नाही.

पण खरं उत्तर प्रयोगशाळेत नाहीच, ते आईवडिलांच्या लग्नात आहे. वैध विवाह चालू असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, हा कायद्याच्या लेखी निर्णायक पुरावा. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ आहे. ते खोडायचं तर गर्भधारणेच्या काळात नवरा-बायकोचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे भावाला सिद्ध करावं लागेल. दोघं एका घरात नांदत असतील तर ते जवळपास अशक्य.

चाचणीची धमकीही पोकळ आहे. मालमत्तेच्या अशाच एका वादात बहिणींनी भावाची डीएनए चाचणी मागितली होती. त्याची तयारी नव्हती, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर सक्ती करायला नकार दिला. आईवर तर भाऊ परस्पर काहीच लादू शकत नाही. एक गोष्ट मात्र लपवत नाही: २०१४ च्या एका निकालात त्याच न्यायालयाने अचूक डीएनए अहवाल ‘मूल नवऱ्याचंच’ या गृहीतकाच्या वर ठेवला. पण तिथे प्रश्न मुलीच्या पोटगीचा होता आणि चाचणी न्यायालयाच्याच आदेशाने झालेली. तुमच्या बाबतीत बाबाच हयात नाहीत.

तुम्हाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरून सांगतो: आई, भाऊ आणि तुम्ही, प्रत्येकी एक तृतीयांश. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्डाची जुनी प्रत, बाबांच्या नोकरीच्या कागदांत तुमचं नाव असेल तर तेही, सगळं एका फाइलमध्ये लावा. भावाने तुम्हाला वगळून वारस नोंदीचा अर्ज केला तर मुदतीत लेखी हरकत घ्या. तो दावा लावेल असं वाटलं तर कॅव्हेट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा न्यायालयात आधीच द्यायचा अर्ज) दाखल करून ठेवा, ते ९० दिवस चालतं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रागाच्या भरात “मी बाबांची नसेनही” असलं काही लिहू नका. उद्या त्याचाच स्क्रीनशॉट दाव्याला जोडला जाईल.

आईला सांगायचं की नाही, हे मी वकील म्हणून ठरवू शकत नाही. तुमच्या हिश्शासाठी तिला सांगायची गरज नाही, एवढं नक्की. आणि तिचा एक तृतीयांश हिस्सा सर्वस्वी तिचा आहे, मृत्युपत्राने ती तो हव्या त्या माणसाला देऊ शकते. तिला चाचणीला ओढायला निघालेल्या तुमच्या भावाने हा हिशोब केलेला दिसत नाही.