न्यूझीलंडमध्ये जुनी कॅम्परव्हॅन घेताय? आधी एवढं बघा

जुनी कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन न्यूझीलंड फिरायचं म्हणतोयस? अरे मस्त प्लॅन आहे तुझा, बिनधास्त कर! फक्त पडदे, गादी, फेअरी लाइट्स बघून भुलू नकोस, नवीन माणूस हमखास तिथेच फसतो. मीही पहिल्या वेळी फसलोय, गादी उचलूनच बघितली नाही आणि खालचं प्लायवूड ओलं निघालं.

सुरुवातीला एवढंच बघ:

- डब्ल्यूओएफ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा तपासणी दाखला) महिन्याभरातलाच हवा. विकणारा "नंतर करून घे" म्हणाला तर सरळ निघायचं.
- डिझेल गाडी असेल तर काचेवरचं आरयूसीचं (किलोमीटरप्रमाणे आगाऊ भरायचा रस्ता कर) लेबल आणि ओडोमीटर शेजारी शेजारी वाच, ओडोमीटरचा आकडा लेबलच्या पुढे गेलेला असेल तर ती थकबाकी तुझ्याच गळ्यात पडते.
- पीपीएसआरवर (तारण कर्जांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) गाडीचा नंबर टाकून गाडीवर कर्ज नाही ना ते बघ, नाहीतर पैसे देऊनही गाडी जप्त होऊ शकते.
- टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं, सेल्फ-कंटेन्ड सर्टिफिकेटचे (पाणी, टॉयलेटची सोय गाडीतच असल्याचा दाखला) नवीन नियम तसे आहेत, नुसतं पोर्टेबल चालत नाही.

आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स तिथे सक्तीचा नाही म्हणून बरेच जण काढतच नाहीत, तू मात्र काढच. टोयोटाच्या हायएस, एस्टिमा दोन्ही चालतील, पण इंजिन थंड असतानाच स्टार्ट करून बघ, आणि सोलर, इन्व्हर्टरचं डोकं आत्ता अजिबात लावू नकोस.